मॅडमचा उजवा पाय

"येत्या रविवारी बघच तू! टेकडीच्या डोक्यावर गाडी नेऊन उभी करतो. तू शेजारी बसायचं आणि नुसता निसर्ग बघायचा. तोंडातून एक सूचना निघता कामा नये!"

सरांनी हे वाक्य चहाचा कप आपटून म्हटलं. सर म्हणजे शाळेत भूगोल शिकवणारे सर. फळ्यावर खडूने त्यांनी आजवर इतके डोंगर काढले होते की खरा डोंगर त्यांना किरकोळ वाटायचा. समोर बसलेल्या त्यांच्या बायकोला मात्र सगळं गाव मॅडम म्हणायचं, कारण त्यांचं स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. दूधवाला, बँकेचा मॅनेजर, पोलीस चौकीतले साहेब, सगळे मॅडमच्या हाताखालून पास होऊन गेलेले.

नापास एकच. घरचा!

लायसन्स होतं हो सरांकडे, नाही कोण म्हणतं! पण अठरा वर्षांच्या संसारात मॅडमनी एकदाही "चांगली चालवलीत" असं म्हटलं नव्हतं. सर स्टिअरिंगला बसले की शेजारून सुरू व्हायचं, "गिअर. आरसा. अहो, आरसा! समोर सायकल आहे. दिसली का सायकल?" एवढ्यात तो सायकलवालाच घाबरून बाजूला उतरून उभा राहायचा. सरांची या जन्मी एकच इच्छा उरली होती. एकदा, फक्त एकदा, बायकोने शेजारी बसून "चांगली चालवलीत" म्हणावं! साध्या रस्त्यावर ते घडणं शक्य नव्हतं, तिथे तिचं राज्य. पण दगडधोंड्यांच्या चढणीवर ती कधी गेली नव्हती. तिथे गुरू आपण!

म्हणून सरांनी एक जुनी जीप घेतली आणि मिस्त्रींच्या गॅरेजात लावली. हे मिस्त्री पंधरा वर्षं मॅडमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या सांभाळत होते. दुसरी कसली गाडी त्यांच्याकडे फारशी यायचीच नाही. त्यामुळे सरांची जीप बघून त्यांच्या अंगात उत्साह संचारला. ट्रॅक्टरला शोभतील असे टायर घातले. स्प्रिंगा बदलून गाडी वीतभर वर उचलली. बॉनेटच्या कडेने एक उभी नळी छतापर्यंत नेली, म्हणजे गाडी पाण्यात बुडाली तरी इंजिनाला श्वास घेता येईल. आसपास बुडण्याइतकं पाणी नव्हतं, पण सरांचं म्हणणं, श्वास महत्त्वाचा. दारं काढून टाकली, कारण सरांनी एका मासिकात पाहिलेल्या फोटोत दारं नव्हती. शेवटी चिखलासाठी जाड रबरी मॅट अंथरली आणि गाडी तयार झाली.

गाडी एवढी उंच झाली की आत चढायला स्वयंपाकघरातलं स्टूल लागायला लागलं. मॅडम दोनदा घसरल्या आणि तिसऱ्यांदा चढल्या. "या गाडीत बसायचं म्हणजे आधी पंखा पुसायची सवय पाहिजे," त्या म्हणाल्या.

"सूचना नको!" सर म्हणाले.

रविवारी सकाळी जीप टेकडीकडे निघाली. गावाबाहेर दगडाच्या खाणीमागून कच्ची वाट वर जायची, अर्ध्यावर एक वळण आणि वळणानंतर भिंतीसारखी चढण. सरांनी लो गिअर टाकला. गाडी गुरगुरत निघाली. दगड उडाले, सर सीटवरून उडाले, मॅडमची पर्स उडाली! मॅडमनी ओठ घट्ट मिटून घेतले होते, एक शब्द काढला नाही. वळण आलं. सरांनी एक्सिलरेटर दाबला आणि छाती फुगवली.

गचका! इंजिन बंद.

पुन्हा स्टार्टर, पुन्हा घरघर, दोन हात पुढे आणि पुन्हा गचका. पाच वेळा हेच झालं. सहाव्या वेळी मॅडम खाली उतरल्या, मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि हात हलवत गाडी उलटी खाली आणवून घेतली. "येऊ द्या... येऊ द्या... डावीकडे... अहो, तुमची डावी!" खाणीतले लोक काम थांबवून बघत होते. सरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मिस्त्रींनी गाडी उघडली, खालीवर पाहिली, बंद केली. "सगळं जिथल्या तिथे आहे, सर." मग एकटेच बसले आणि भुर्रकन टेकडीवर जाऊन परत आले.

"चढते की!"

घरी मॅडम म्हणाल्या, "गाडीत दोष नाही. मग दोष राहिला कुणात?" आणि शांतपणे कपडे वाळत घालायला गेल्या. सरांचा चेहरा बघवत नव्हता.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगूनच टाकतो. तुमच्यापासून काय लपवायचं! ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्यापुढे आणि एक शेजारी शिकवणाऱ्यापुढे. मिस्त्रींनी पंधरा वर्षं असल्याच गाड्या हाताळलेल्या. डावीकडे ब्रेक नसला तर ती गाडी त्यांना अर्धवट वाटायची. सरांच्या जीपमध्ये काम करता करता त्यांचा हात आपोआप गेला, डावीकडे पेडल बसलं, मधून दांडी जोडली गेली आणि वरून मॅट पडली. बसवलं हे त्यांच्या ध्यानातसुद्धा राहिलं नाही. दिवसात आपण किती वेळा पापणी मिटली, हे कुणाला आठवतं?

आणि मॅडमचा उजवा पाय! अठरा वर्षं समोर काही भीतीचं दिसलं की तो पाय खाली जायचाच. रिक्षात जायचा, लिफ्टमध्ये जायचा, दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत जायचा. झोपेत सरांच्या पोटरीवर पडायचा. जीपमध्ये पायाखाली पेडल लागतंय, हे मॅडमना खटकलं कसं नाही, असं तुम्ही विचाराल. अहो, तिथे पेडल असणं हेच त्यांचं आयुष्य! नसतं तरच खटकलं असतं. भिंतीसारखी चढण दिसली की तोंड मिटलेलं राहायचं आणि पाय आपलं काम करायचा.

पण हे तुम्हाला माहीत. सरांना कुठे माहीत होतं!

सरांच्या डोक्यात दोन दिवसांनी प्रकाश पडला. "मिस्त्री, तुम्ही हिला शेजारी बसवून गाडी चढवून दाखवा."

मिस्त्री स्टिअरिंगला, मॅडम शेजारी. वळणावर गचका! तीनदा प्रयत्न, तीनदा गचका! सर टेकडीच्या पायथ्याशी आनंदाने नाचले.

"बघितलंस? दोष माझ्यात नाही! तू बसलीस की बंद पडते!"

"मी? मी काय केलं? मी तर तोंडसुद्धा उघडलं नाही!"

"तेच तर शोधायचंय," सर म्हणाले, आणि घरी आल्या आल्या वही काढून त्यांनी प्रयोग आखला. त्यांच्या मते डाव्या बाजूला भार पडल्यामुळे तोल जात होता. मॅडम भाजी चिरत होत्या.

"अगं, तुझं वजन किती?"

सुरी थांबली. "कशाला हवंय?"

"शास्त्रीय कारण आहे."

"शास्त्राला म्हणावं, आपलं आपण बघ."

मग सरांनी अंदाज बांधला. तेवढ्या वजनाची वाळूची पोती भरली, डाव्या सीटवर पट्ट्याने बांधली आणि मास्तरकीच्या सवयीने वरच्या पोत्यावर खडूने लिहिलं, 'मॅडम, ८० किलो.' नेमक्या त्याच दिवशी सासूबाई चार दिवस राहायला आल्या. अंगणात जीप उभी, जीपमध्ये पट्टा लावलेली पोती.

"जावईबापू, हे काय?"

"आई, ही तुमची मुलगी."

सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए! ऐंशी कधी झालीस?"

पुढची दहा मिनिटं मी सांगत नाही. एवढंच सांगतो की मॅडम वजनकाटा घेऊन बाहेर आल्या, अंगणात सगळ्यांसमोर त्यावर उभ्या राहिल्या, काटा चौसष्टवर थांबला, आणि सरांनी वरचं पोतं मुकाट्याने उतरवून सोळा किलो वाळू कमी केली.

मिस्त्रींनी ती पोती टेकडीवर नेली. चढली! मग सासूबाईंनी हट्ट धरला, "मला बसवा." स्टूल, त्यावर पाट, वरून मिस्त्री ओढतायत, खालून सर ढकलतायत, अशा त्या चढल्या आणि सीटवर झकास मांडी घालून बसल्या. गाडी सरळ टेकडीच्या डोक्यावर! सासूबाईंनी वरून हात हलवला आणि परत आल्यावर म्हणाल्या, "मस्त! आणखी एक फेरी होऊ दे."

सरांनी वहीत लिहिलं: 'भार हे कारण नाही. सासूबाई हे कारण नाही. कारण फक्त पत्नी.'

ती वही त्यांनी शिक्षकांच्या खोलीत विसरली!

शुक्रवारपर्यंत गावभर झालं. मॅडम गाडीत बसल्या की गाडी बंद पडते! ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईबद्दल याहून वाईट काय बोलणार? दोन बायकांनी शिकायला येणं पुढे ढकललं. तिसरी आली, पण दारातच चुळबुळत म्हणाली, "मॅडम, तुम्ही फुटपाथवर उभं राहून शिकवलंत तर नाही का चालणार?"

संध्याकाळी मॅडम सरांसमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच सर घाबरले.

"अठरा वर्षांत माझ्या गाडीला साधा ओरखडा नाही. आणि तुमच्या त्या उंटामुळे आज लोक मला अपशकुनी समजतायत. अहो, तुम्हाला 'चांगली चालवलीत' म्हणून घ्यायचं होतं ना? माझी अब्रू घालवून?"

सरांना खरंच वाईट वाटलं. इतकं वाईट की त्यांनी वहीतलं ते पान फाडून टाकलं. "रविवारी पुन्हा जाऊ," ते म्हणाले. "सगळ्यांना बोलवू. तू बसशील आणि गाडी चढेल. नाही चढली तर मी ती विकून टाकतो."

रविवारी टेकडीच्या पायथ्याशी मॅडमचे चौदा विद्यार्थी, खाणीतले लोक आणि घडीच्या खुर्चीवर सासूबाई, असे सगळे जमले. सर स्टिअरिंगला, मॅडम शेजारी. इंजिनाचा आवाज जवळून ऐकायला मिस्त्री डाव्या बाजूने चालत निघाले. वळण आलं. समोर भिंत!

गचका!

खालून चौदा जणांचा "हं..." असा सुस्कारा आला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी तरळलं. सरांनी पुन्हा स्टार्टर मारला, गाडी थरथरली, इंजिन घरघरलं, पण जागची हलेना. आणि गाडी एवढी उंच, दारं काढलेली, त्यामुळे मॅडमचा उजवा पाय बरोबर मिस्त्रींच्या नाकासमोर! मिस्त्री बघत राहिले. बराच वेळ त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नाही. मग ते अगदी सहज म्हणाले, "मॅडम, ब्रेकवरचा पाय काढा की, म्हणजे चढेल."

"कुठल्या ब्रेकवरचा?"

"हा काय, तुमचा!"

मॅडमनी खाली पाहिलं. सरांनी वाकून पाहिलं. मिस्त्रींनी मॅट उचलली. तिघंही त्या पेडलकडे बघत बसले.

"हा इथे कुणी बसवला?" सर ओरडले.

"मीच की! आपल्या सगळ्या गाड्यांना अस... अरे देवा!" मिस्त्रींनी कपाळावर हात मारला.

मॅडम हसायला लागल्या, आणि इतक्या हसल्या की सरांनी त्यांना धरलं, नाहीतर दार नसलेल्या बाजूने त्या खालीच गेल्या असत्या. दुसरी बाई असती तर मिस्त्रींचं काही खरं नव्हतं. मिस्त्रींनी पाना काढला, दांडी सोडवली, पेडल उपसून बगलेत घेतलं आणि खालच्या मंडळींना उंच धरून दाखवलं. "मॅडमची चूक नाही हो! ब्रेक! ब्रेक होता!" खालून टाळ्या पडल्या. फुटपाथवाल्या बाईने सगळ्यांत जोरात वाजवल्या.

"चला," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "आता घ्या वर." आणि आईसारखी मांडी घालून बसल्या.

सरांनी लो गिअर टाकला. जीपने नाक वर केलं, दगडावर एक चाक चढलं, मग दुसरं. गाडी डावीकडे कलली. मॅडमनी दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे गच्च धरले, पण तोंड उघडलं नाही. सर घामाने निथळत होते. आणि मग समोरची भिंत एकदम संपली, पुढे मोकळं आभाळ, आणि गाडी टेकडीच्या डोक्यावर!

सरांनी इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला. बायकोकडे बघायची हिंमत होईना, म्हणून ते समोरच बघत बसले.

"पास," मॅडम म्हणाल्या.

"काय म्हणालीस?"

"पास म्हटलं. चांगली चालवलीत हो. अगदी मनापासून सांगते, चांगली चालवलीत."

अठरा वर्षं! सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. "आणखी एकदा म्हण ना," ते म्हणाले, आणि मॅडमनी खरोखरच आणखी एकदा म्हटलं.

"चला आता, खाली सगळे वाट बघतायत."

सरांनी गाडी वळवली आणि बॉनेटवरून पुढे पाहिलं. वाट कुठे होती? बॉनेट संपलं की थेट गावाची छपरं दिसत होती! वर येताना ही भिंत होती. आता तीच भिंत वरून बघायची होती. तीन आठवडे त्यांनी फक्त चढण्याचा विचार केला होता. टायर चढण्यासाठी, स्प्रिंगा चढण्यासाठी, प्रयोग चढण्याचे. आजवर वरून गाडी खाली आणली ती मिस्त्रींनीच. सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

मग सर सावकाश खाली उतरले, स्टूलशिवाय, मॅडमच्या बाजूला गेले आणि अगदी हळू म्हणाले, "अगं... तूच घे ना."

मॅडम सरकून स्टिअरिंगला बसल्या, आरसा नीट केला आणि पदरात मूल घेऊन जिना उतरावा तशी अलगद गाडी खाली आणली. सर शेजारी डोळे घट्ट मिटून बसले होते.

खाली सगळ्यांनी गराडा घातला. सासूबाई खुर्ची सोडून पुढे आल्या. "जावईबापू, वर तुम्ही नेलीत ना? मग खाली ही कशी घेऊन आली?"

सरांनी डोळे उघडले, गाव समोर उभं आहे हे पाहिलं आणि छाती पुन्हा फुगवली.

"आई, कौशल्य असतं ते चढवण्यात! उताराला कुठलीही वस्तू आपली आपण खाली येते. सहावीच्या पुस्तकात आहे."