कपाटातली आजी

मेहुणा म्हणाला, "भावजी, तुम्ही एवढं बोलता, तर पॉडकास्ट का नाही करत?" हे कौतुक आहे असं मी धरून चाललो. (बायकोच्या मते ती तक्रार होती.) रविवारी दुपारी आम्ही दोघे बेडरूममधल्या मोठ्या कपाटात शिरलो. आवाज घुमू नये म्हणून रजयांमध्ये बसून बोलायचं असतं, असं मेहुण्याने कुठेतरी ऐकलं होतं. अर्धा वेळ खेळ, अर्धा वेळ सिनेमे आणि सिरियली. नाव 'मैदान आणि मसाला'.

आमच्या शहराच्या महिला फुटबॉल संघाची गोलकीपर वयाने जरा मोठी आहे. चाहते तिला लाडाने 'आजी' म्हणतात. आदल्या दिवशीची मॅच तिच्यामुळेच हरलो, असं माझं ठाम मत होतं. (फुटबॉलला मी शेवटचा पाय शाळेत लावला, तोही चुकून.) माईक समोर दिसताच मी सुटलोच.

"आजीला आता घरी पाठवा. समोरचं दिसत नाही, हातातून सगळं निसटतं, आणि सगळ्यांवर ओरडणं तेवढं चालू."

घामाघूम होऊन बाहेर आलो, तर सासूबाई बॅग भरत होत्या.

माझी मुलं त्यांना आजीच म्हणतात. त्यात सकाळीच त्यांच्या हातून माझा आवडता कप फुटला होता, आणि तो वाटेत ठेवल्याबद्दल त्यांनी मलाच झापलं होतं. बायकोने एवढंच सांगितलं की आई गेली, तर मुलांना घेऊन तीही जाणार. सासूबाईंशिवाय हे घर चालत नाही, आणि बायकोशिवाय मी. ती आजी वेगळी, असं मी परोपरीने सांगितलं. त्यावर, घरात अशा एकूण किती आज्या आहेत, असं बायकोने विचारलं.

शेवटी मेहुण्याने सगळं रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर लावलं. पेनल्टी, कॉर्नर वगैरे ऐकल्यावर बायकोचा चेहरा निवळला. सासूबाई मात्र जास्तच भडकल्या.

"त्या पोरीला काढा म्हणता? बचावफळी झोपा काढत होती, ते नाही दिसलं? मॅच पाहिली तरी का तुम्ही?"

मी हायलाइट्स पाहिले होते. तेसुद्धा जेवता जेवता.

बॅग तशीच टाकून त्या तरातरा कपाटात शिरल्या, मागोमाग मेहुणा. मीही शिरायला गेलो, तर जागा नाही म्हणाले. मग दाराला कान लावून उभा राहिलो. फुटबॉल झाला, सिरियल झाली, मायलेक मस्त खिदळत होते. तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला.

"समोरचं दिसत नाही, हातून काही होत नाही, नुसती बडबड. पण करणार काय, एकदा संघात घेतलाय, तर सांभाळायचा."

मला राहवेना. दार उघडून विचारलं, "आई, हे कोचबद्दल ना?"

"नाही हो जावईबापू, तुमच्याबद्दल," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "दार लावा, आवाज घुमतोय."