चड्डी-चक्रीचं गणित

"आपलं गणित आजवर चुकलं नाही, आन् पुढंबी चुकनार नाही," धम्मरत्न सर चहा बशीत ओतता ओतता म्हणाले.

मुलगी पाहायला गेलेल्या माणसाने इतकं ठाम बोलू नये. पण शेलूबाजारात कोचिंग क्लास चालवणाऱ्याला ठाम बोलायची सवयच लागते, नाहीतर पोरं क्लास बदलतात. समोर रिठदचे देवमनजी बसले होते. निवृत्त हेडमास्तर. शाळा सुटली होती, चष्म्याच्या वरून पाहायची सवय सुटली नव्हती.

"गनित ठीक आहे," देवमनजी म्हणाले. "पन मले मोबाइल चिवडनारा जवाई नाही पाह्यजे. आजलोक आलेले पोट्टे मी त्याच्यानंच वापस पाठोले. एकजन तं चहा पेता पेता खाली मान घालून गेम खेलून राह्यला होता. मी म्हनलो, बाप्पा, तू त्याच्याशीच लगन कर."

"मी मोबाइल फक्त गणितासाठीच वापरतो," सर म्हणाले.

हे खोटं नव्हतं. खोटं नव्हतं, हीच तर पुढची सगळी भानगड.

दाराशी देवमनजींची मुलगी संघमित्रा उभी होती. वाशिमच्या एका कॉलेजात ती तासिकेवर भौतिकशास्त्र शिकवायची. तिने विचारलं, "कोनतं गणित?"

"फिरत्या वस्तूवरून हलकं कापड उडालं, तं ते नेमकं कुठी पडंन, याचं."

संघमित्राने एकदम वर पाहिलं. काहीतरी बोलणार होती, पण वडलांकडे पाहून गप्प बसली. सरांना वाटलं, छाप पडली.

आता हे कापडाचं गणित काय होतं, ते सांगून टाकतो. सर स्वतः कुणाला सांगणार नाहीत.

मोठ्यांसाठीचं एक परदेशी कार्टून आहे. सुरुवातीलाच पाटी येते की अठरा वर्षांखालच्यांनी हे पाहू नये. अठराच्या वरच्यांनी पाहावं असंही त्यात फारसं काही नाही. त्यात एक ढेरपोट्या नगराध्यक्ष आहे. सभेत कुठल्याही गोष्टीवर एकमत झालं नाही की तो पंखा फुल स्पीडवर सोडायला लावतो. मग एक सदस्य टेबलावर चढतो, आपली चड्डी काढून पंख्यावर भिरकावतो, आणि ती ज्याच्या डोक्यावर पडेल त्याने ते काम करायचं. हिंदी डबिंगवाल्यांनी या खेळाला चड्डी-चक्री असं नाव दिलेलं आहे. कार्टून असलं तरी आपल्या ग्रामसभेपेक्षा तिथे निर्णय लवकर होतात.

तर ती चड्डी दरवेळी नगराध्यक्षाच्याच डोक्यावर पडते. हा लेखकाचा चावटपणा की निसर्गाचा नियम, यावर जगभरचे चाहते इंटरनेटवर हमरीतुमरीवर येतात. शिकलेले, कमावते लोक इलॅस्टिकचा ताण किती धरावा यावरून एकमेकांशी बोलणं टाकतात. शेवटी चाहत्यांच्या मंडळाने स्पर्धाच ठेवली. धम्मरत्न सरांनी पात्याचा वेग, चड्डीचं वजन, सुटायचा कोन असं सगळं मांडलं आणि सिद्ध केलं की फेकणाऱ्याच्या डाव्या हाताला, तिरकं, जो कोण बसेल त्याच्याच डोक्यावर ती पडणार. त्यात नगराध्यक्षाचा काही दोष नाही, फक्त खुर्चीचा आहे.

सरांचा पहिला नंबर आला.

बक्षीस म्हणून ट्रॉफी आली. कुरियरवर पत्ता दिला होता मित्राचा, म्हणजे उजैरच्या फ्लेक्स छपाईच्या दुकानाचा. उजैर वर्गमित्र, आणि याच कार्टूनचा चाहता. सरांचं हे लफडं जिल्ह्यात फक्त त्याला माहीत होतं.

"रत्न्या, खुदा कसम, पितळेची आहे रे!" उजैरने खोका फोडला. लाकडी बैठकीवर पितळेचा पंखा, आणि एका पात्याला लटकलेली पितळेची इवलीशी चड्डी. बैठकीवर इंग्रजीत कोरलं होतं: उपयोजित गणित, आंतरराष्ट्रीय प्रथम पुरस्कार.

सर सुज्ञ असते तर ती ट्रॉफी तिथेच पोत्यात बांधून ठेवली असती. पण देवमनजींचा होकार अजून आला नव्हता, आणि संघमित्राचं ते वर पाहणं डोळ्यांपुढून जात नव्हतं. सरांनी ट्रॉफीचा फोटो काढला आणि देवमनजींना पाठवला. खाली लिहिलं, "आपल्या आशीर्वादाने."

संध्याकाळी देवमनजींचा फोन. "धम्मरत्नजी, ऊर भरून आला. अशा मानसाचा सत्कार नाही होत, म्हनूनच आपला भाग मागं राह्यला. मी मुनाफले सांगून ठेवलं आहे."

"सर, सत्कार कायले... लहानशी गोष्ट आहे."

"आंतरराष्ट्रीय आहे! लहान कशी?"

मुनाफशेठ म्हणजे देवमनजींचे जुने विद्यार्थी. आता शेलूबाजारच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष आणि बनियन-टॉवेलच्या दुकानाचे मालक. त्यांनी लगेच फ्लेक्सची ऑर्डर दिली. फ्लेक्स छापणार कोण? उजैर.

सकाळी सर जीपमधून उतरले तर चौकात, थेट डोक्यावर, ते स्वतः हात जोडून उभे होते. शेजारी ट्रॉफी. सरांपेक्षा ट्रॉफी मोठी होती, आणि ट्रॉफीत पंख्यापेक्षा चड्डी स्पष्ट होती.

खाली जीपवाले मान वर करून पाहत होते.

"विमान आहे बे ते."

"विमानाले काय लटकून राह्यलं मंग?"

"वटवाघूळ असंन."

"सर, काय आहे हो ते?"

"फुलपाखरू," सर म्हणाले, आणि त्यांचे कान गरम झाले.

तिथून ते सरळ उजैरच्या दुकानात गेले. "उतरव ते!"

"काहून? लोक इचारतीन ना, काहून उतरवलं. मंग काय सांगशीन?"

"मोठी कायले केली ती?"

"फाइल इतकी साफ होती यार. मोठं करनं झालं नाही तं हात शिवशिवते माहे." उजैरने पान तोंडात टाकलं. "तू घाबरू नको. इथं कोनी वळखत नाही तिले."

घरी त्याहून वाईट. आईने, म्हणजे मनकर्णाबाईंनी, ट्रॉफी शोकेसमध्ये मधोमध ठेवली होती. सर रोज ती उलटी करून ठेवत, आई रोज सुलटी करत. चिंचेने घासून घासून तिने ती चड्डी अशी चकचकीत केली की दारातून आल्याबरोबर माणसाची नजर तिच्यावरच जावी. शेजारच्या बाया येत, आई दाखवी, "हे पाह्य वं, माह्या पोराचं इनाम. साता समुद्रापारून आलं. आन् हे फुलपाखरू कसं नाजूक केलं आहे." सर आतल्या खोलीत उशी तोंडावर दाबून पडून राहत. ज्या आईने कष्ट करून शिकवलं, तिच्या हाताने चड्डी घासून घ्यायची वेळ यावी, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की जेवणही जाईना. ते पाहून आई शेजारणीला म्हणाली, "मोठी मानसं अशीच असतेत. बक्षीस भेटलं तरी उपाशी."

सत्काराचा दिवस उजाडला. व्यापारी मंडळाचं सभागृह भरलं. क्लासची पोरं, दुकानदार, पुढच्या रांगेत मनकर्णाबाई नव्या लुगड्यात, त्यांच्या शेजारी संघमित्रा. स्टेजवर चार खुर्च्या, आणि मधोमध, डोक्यावर, लांब दांड्याचा पंखा.

सरांनी पंख्याकडे पाहिलं आणि मग खुर्च्यांकडे. माइकपाशी उभं राहिलं तर डाव्या हाताला, तिरकी, जी खुर्ची होती तिच्यावर देवमनजी बसले होते. बरोबर नगराध्यक्षाची जागा.

'पंखा आहे म्हणून काय झालं?' सरांनी स्वतःला समजावलं. 'कापड कुठे आहे?'

तेवढ्यात मुनाफशेठनी त्यांना कापडच दिलं. आपल्याकडे सत्कार म्हणजे टॉवेल-टोपी आलीच. मुनाफशेठनी दुकानातला सगळ्यात चांगला टॉवेल घडी करून सरांच्या हातात ठेवला, टोपी डोक्यावर घातली आणि माइक ओढला.

"सरनं फिरत्या वस्तूचं गनित सोडोलं आहे, माशाअल्लाह. मी म्हनतो, लेकराईले एकदाव करून दाखवा. पंखा आहे, टॉवेल आहे. सांगा पाहू, टॉवेल कुठी पडंन?"

टाळ्या पडल्या. क्लासची पोरं ओरडली, "दाखवा, सर! दाखवा!"

सरांना देवाचं नाव घ्यायची सवय नव्हती म्हणून त्यांनी महावितरणचं घेतलं. लाइट गेली तर सगळं निभावलं असतं. शेलूबाजारात रोज या वेळेला लाइट जाते. त्या दिवशी गेली नाही.

"शेठ, टॉवेल जड होते. ते... हलकं कापड लागते."

"नवा आहे, हलकाच आहे! सोडा रे पंखा, फुल सोडा!"

देवमनजी चष्म्याच्या वरून कौतुकाने पाहत होते. आता माघार घेतली तर माणूस खोटा ठरतो, आणि पुढे गेलं तर टॉवेल होणाऱ्या सासऱ्याच्या तोंडावर. सरांनी झटकन विचार केला. गणित आपलं आहे, मग भीती कशाची? जागा माहीत आहे, तर माणूस तिथून हलवायचा.

"सर," ते देवमनजींना म्हणाले, "तुमी जरा इकडे बसा. माह्या उजव्या हाताले."

"काहून?"

"तिकडे टॉवेल पडंन. माहं गणित आहे."

देवमनजी अभिमानाने उठले आणि उजवीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले. डावीकडची खुर्ची रिकामी झाली. सभागृहात कुजबुज झाली, "जागा आधीच सांगून राह्यले! मानलं!"

पुढच्या रांगेत संघमित्रा उठून उभी राहिली आणि दोन्ही हात जोरजोरात हलवायला लागली. नाही, नाही, थांबा, असं काहीसं ते होतं. सरांना वाटलं, ती हुरूप देते आहे. त्यांनी छाती काढली आणि टॉवेल वर भिरकावला.

टॉवेल पात्यात अडकला, दांड्याला गुंडाळला गेला आणि पंखा घरघरला. टॉवेल तिथेच राहिला. पण मुनाफशेठ दिलदार माणूस. नुसता टॉवेल काय द्यायचा, म्हणून त्यांनी प्रेमाने घडीच्या आत आपल्या दुकानातला पूर्ण सेट घातला होता. बनियन स्टेजमागे गेलं. निळ्या पट्ट्यांची चड्डी मात्र पात्यावरून सुटली, हवेत फुलली आणि तिरकी उतरत सरांच्या उजव्या हाताला देवमनजींच्या डोक्यावर जाऊन बसली. इलॅस्टिक चष्म्याच्या काडीत अडकलं. एका पायातून एक कान बाहेर आला.

मग मागच्या बाकावरचं एक पोरगं आनंदाने ओरडलं, "बरोबर पडली!"

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, हेच दाखवायचं होतं. मुनाफशेठ उठून उभे राहिले. "अचूक! एकदम अचूक!" उजैर दाराशी भिंतीला टेकून खाली बसला होता, डोळ्यांतून पाणी. एवढ्यात मनकर्णाबाईंनी एकदा त्या डोक्यावरच्या वस्तूकडे पाहिलं, एकदा स्टेजवर मांडलेल्या ट्रॉफीकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाल्या, "अगं माय. फुलपाखरू नाही का ते?"

धरणी दुभंगून पोटात घेते म्हणतात. सर वाट पाहत उभे राहिले. धरणी काँक्रीटची होती.

"धम्मरत्नजी," देवमनजी चड्डीखालून म्हणाले, "हे कोनतं गनित आहे?"

"सर, ते..." सरांनी डोक्यावरची टोपी काढली. "कार्टूनातलं आहे. मोठ्या मानसाईचं. त्याच्यात लोक... हे... पंख्यावर फेकतात. मी मोबाइलवर पाह्यतो. रोज. चूक झाली."

माइक चालूच होता.

संघमित्रा स्टेजवर आली. वडलांच्या डोक्यावरून ती चड्डी उतरवली, नीट घडी घातली आणि सरांकडे वळून दबक्या आवाजात म्हणाली, "एकदाव वर पाह्यलं असतं तं. कार्टूनातला पंखा उलटा फिरते. आपला सुलटा फिरते. मंग डावं ते उजवं नाही होत काय? मी हात करून करून थकली."

सर तिच्याकडे पाहतच राहिले. "तुमी... पाह्यता?"

"दुसरा नंबर माहा होता," संघमित्रा म्हणाली, आणि तिचेही कान लाल झाले.

माइक अजून चालूच होता.

मोबाइल चिवडतात म्हणून देवमनजींनी वाशिमपासून मानोऱ्यापर्यंतची पोरं परत पाठवली होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. या वेळी ते चष्म्याच्या वरून पाहू शकले नाहीत, खालीच पाहत राहिले.

"म्हंजे घरातच होतं," ते शेवटी म्हणाले. "तिसरा नंबर कोनाचा आहे तेबी सांगून टाका. आमच्या पोलीस पाटलाचा असंन."

मग मनकर्णाबाई उठल्या, स्टेजपाशी गेल्या आणि पदर सावरून, लग्न ठरायच्या आधीच व्याही अशी हाक मारत म्हणाल्या, "इवाई, झालं ते झालं. दोघाईले एकमेकाईचं येड समजलं. आता तिसऱ्याच्या घरात कायले पाठोता?"

देवमनजींनी बराच विचार केला. समोर अख्खा बाजार बसला होता, नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. "चालते," ते म्हणाले. "पन साक्षगंध मोकळ्या जागेत होईन. पंख्याखाली मी बसत नाही."

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाडाखाली झालं, काही पडलं नाही. लग्नाचा फ्लेक्स मुनाफशेठनी हौसेने उजैरला सांगितला आणि उजैरने जुन्याच फाइलवर नवी नावं टाकून तो रातोरात चौकात लावला. वरच्या अर्ध्या भागात ट्रॉफी तशीच राहिली होती. तिच्या खाली, चड्डीच्या अगदी बरोबर खाली, वधूपिता म्हणून देवमनजींचा हात जोडलेला फोटो होता.