‘अडकलोय’ म्हणायचं नाही!

माणसांना वेळेवर घरी पाठवण्यात अवघड ते काय? ते काम बाईमाणसाच्या हातात द्यायला हवं, आणि ती बाई मी असायला हवी! हे मी आमच्या साहेबांना तोंडावर सांगितलं. हातात चहाचा कप होता, तो जरासुद्धा हिंदकळला नाही. इतका आत्मविश्वास!

आमचं ऑफिस लिफ्ट दुरुस्तीचं. शहरात कोणाचीही लिफ्ट बंद पडली की फोन आमच्याकडे. मी इथे टायपिस्ट म्हणून लागले आणि कोणी न शिकवता एकेक काम उचलत गेले. आता कुठली खुर्ची करकरते इथपासून साहेबांचं डोकं कशाने चढतं इथपर्यंत सगळं मला पाठ. फोनवर चिमणी बसते. आवाज तसा, म्हणून नाव तसं. लिफ्टमध्ये कोंडलेला माणूस तिचं नुसतं “हॅलो” ऐकून निम्मा सुटतो! मेकॅनिकला आम्ही पाना म्हणतो, कारण तो पाना खिशात घालूनच झोपतो. हे त्याच्या बायकोने सांगितलंय, मी पदरचं घालत नाहीये.

आता आमच्या धंद्यात एकच शब्द दिवसभर कानावर आदळतो. “अहो, अडकलोय!” आणि संध्याकाळ झाली की तोच शब्द आम्ही आपापल्या घरी वापरायचो. “अडकलेय हो, जेवून घ्या.” “अडकलोय गं, झोप तू.” साहेबांना तर तो शब्द म्हणजे जुना खोकला! पत्रातलं वाक्य जमेना, “बाई, अडकलोय, या जरा!” चष्मा सापडेना, “अडकलोय!” सुट्टीच्या दिवशी दुपारी डोळा लागतो न लागतो तोच फोन. “बाई, तिसऱ्या मुद्द्यावर अडकलोय!”

चालायचंच म्हणून चाललं होतं. पण चिमणीच्या लेकीला बालवाडीच्या बाईंनी विचारलं, “तुझी आई काय करते?” पोरगी ठणठणीत आवाजात म्हणाली, “माझी आई रोज लिफ्टमध्ये अडकते. मग तिला कोणीतरी काढतं. मग ती घरी येते.” बाई घाबरल्या. चिमणीला बोलावून घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, “अहो, तुम्ही जिना का नाही वापरत?”

चिमणीने हे ऑफिसात सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. तीही हसली. मग कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“ताई, मी नोकरी सोडतेय.”

“काय?”

“रोज झोपताना विचारते हो, ‘उद्या पण अडकणार?’ काय सांगू तिला?”

एवढ्या गोड आवाजात इतकं जड वाक्य मी ऐकलं नव्हतं. मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये. ते चहाच्या कपाचं वर सांगितलं, ते हेच.

“सहाला सगळ्यांना सोडायचं?” साहेब दचकून म्हणाले. “लिफ्टला काय सहाचं घड्याळ असतं का?”

“एकेकाने पाळीपाळीने ड्यूटीचा फोन घरी न्यायचा. बाकीच्यांनी माणसासारखं घरी जायचं.”

“आठवडाभर करून बघा,” साहेब म्हणाले. “पण एक जरी माणूस लटकत राहिला ना, तर मागचं तेच पुढे!”

चिमणी आठवडाभर थांबायला तयार झाली. “तुमच्याकडे बघून, ताई,” म्हणाली. त्यामुळे माझ्या डोक्यावर केवढं ओझं आलं, ते त्या बापडीला काय माहीत!

नियम मीच केले. सहा वाजता सुटायचं. लिफ्टचं संकट असेल तर ड्यूटीच्या फोनवरच बोलायचं. ऑफिसच्या कामासाठी ‘अडकलोय’ हा शब्द बंद. आणि सहानंतर कोणी, अगदी साहेबांनीसुद्धा, कामाचा फोन केला तर चिडायचं नाही. प्रेमाने एवढंच सांगायचं, “दीर्घ श्वास घ्या. काम उद्याही आहे. घरी जा.” याची मी तालीम घेतली. चिमणीने म्हटलं तेव्हा मलाच घरी जावंसं वाटलं. पानाने म्हटलं तेव्हा वाटलं, हा कोणाला तरी ठार मारणार आहे!

मी उजेडात घरी पोचले त्या दिवशी आमच्या ह्यांनी दार किलकिलं करून विचारलं, “कोण हवंय?”

“अहो, मी!”

“काढलं का कामावरून?”

“नाही हो! आता रोज लवकर येणार मी.”

“रोज?” ह्यांनी टीपॉयवरचे पाय असे खाली घेतले, जसे शाळेत हेडमास्तर आल्यावर घेतात. “नाही, आनंदच आहे. पण रोज?”

तरी आठवडा असा सुरळीत गेला की मीच माझी दृष्ट काढावी! पानाने मुलाची सायकल दुरुस्त केली. चिमणीचे डोळे नीट उघडे दिसायला लागले. शेवटच्या दिवशी ड्यूटीच्या फोनची पाळी मुद्दाम साहेबांना दिली. माणुसकी म्हणजे सगळ्यांना सारखी! साहेबांनी फोन असा उचलला, जसं कोणी दुसऱ्याचं रडणारं पोर हातात दिलंय.

त्या संध्याकाळी मी बाल्कनीत पाय पसरून बसले होते. मोबाइल वाजला. साहेब!

“बाई,” साहेब कुजबुजले, “अडकलोय.”

“साहेब! शब्द!”

“अहो, तसं नाही. खरंच अडकलोय!”

“प्रत्येकाला असंच वाटतं, साहेब. माणूस आपला आपण अडकवून घेतो.”

“बाई, मी तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये आहे!”

“मग चौथा मुद्दा उद्या लिहू. पळून जातोय का?”

“इथे दार उघडत नाहीये,” आवाज आणखी खाली गेला. “मला मोकळं बोलता येत नाही. कळतंय का तुम्हाला?”

मला एकदम भरून आलं. इतकी वर्षं साहेब कधी मनातलं बोलले नव्हते! मी मऊ आवाजात म्हटलं, “कळतंय, साहेब. सगळं कळतंय. दीर्घ श्वास घ्या.”

“हवा कुठाय श्वास घ्यायला!”

“काम उद्याही आहे. घरी जा.”

“कसा जाऊ?” साहेब जवळजवळ रडले.

“इच्छा असली की जाता येतं,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. ह्यांना म्हटलं, “बघा, एका आठवड्यात साहेबांना पाझर फुटला!” हे म्हणाले, “तू फार छान बोललीस. आता मॅच बघू?”

थोड्या वेळाने पानाचा फोन. फुशारकीने सांगत होता, “ताई, साहेबांचा फोन आला होता! म्हणाले, ‘पाना, तुझा पाना कुठाय?’ मी म्हटलं, पाना खिशात, मी घरी. श्वास घ्या. ठेवला!”

“शाब्बास!”

पाठोपाठ चिमणी. “ताई, मलाही फोन! म्हणाले, ‘तुझा आवाज ऐकून बरं वाटलं, आता पुढे काहीतरी कर.’ मी प्रेमाने सांगितलं, घरी जा. बरोबर ना?” मागून तिच्या लेकीचा आवाज आला, “आई, कोण अडकलं?”

“साहेब, बाळा.”

“लिफ्टमध्ये?”

मी ताडकन उभी राहिले. तिसरा आणि चौथा. दार उघडत नाही. हवा नाही. अगं बाई! अख्ख्या शहरात त्या शब्दाचा सरळ अर्थ घेणारी एकच व्यक्ती उरली होती, आणि तिला अजून बुटाची नाडी बांधता येत नव्हती!

मी साहेबांना फोन लावला. बंद! साहेब ऑफिसाशिवाय असणार कुठे? पानाला कळवलं आणि ऑफिसकडे मी जी धावले, पायात एक चप्पल माझी आणि एक ह्यांची. मागून हे, “अगं, माझी चप्पल!” करत. खाली पाना घरच्या लेंग्यावर उभा. चिमणी लेकीला कडेवर घेऊन धापा टाकतेय. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला साहेबांची अट आठवली. एक जरी माणूस लटकला तर मागचं तेच पुढे! आणि लटकला होता कोण? साक्षात मालक!

आमच्या ऑफिसच्या लिफ्टबद्दल सांगायचं राहिलंच. ती गेले कित्येक महिने कुरकुरतेय. पण गिऱ्हाइकांच्या लिफ्ट आधी, या हिशेबाने तिचा नंबर कायम शेवटी.

पाना जिन्याने वरच्या मशीनरूमकडे पळाला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर दाराला कान लावून उभे. आतून आवाज आला. बाईचा! आणि ती बाई खळखळून हसत होती!

आमचे हे माझ्याकडे बघून म्हणाले, “आपण जरा वेळाने येऊ या का?”

तेवढ्यात वर पानाने हाताने चाक फिरवलं, लिफ्ट कण्हत खाली आली आणि मी किल्लीने दार उघडलं. आत साहेबांचा कोट जमिनीवर पसरलेला. त्यावर एक भारदस्त बाई मांडी घालून बसलेल्या, चपला बाजूला. मध्ये साहेबांचा दुपारचा न उघडलेला डबा, आता उघडून चाटूनपुसून साफ. आणि साहेब कोपऱ्यात, टाय कपाळावर ओढलेला, घामाने चिंब.

बाई म्हणजे एका मोठ्या सोसायटीच्या अध्यक्षा. त्यांच्या सगळ्या इमारतींच्या लिफ्ट आमच्याकडे द्यायच्या की नाही, हे बघायला आल्या होत्या. साहेबांनी त्यांना मुद्दाम सहानंतर बोलावलं होतं, म्हणजे आम्हाला पत्ता लागायला नको! आत काय झालं ते अध्यक्षाबाईंनीच सांगितलं.

“लिफ्ट थांबली. हे तुमचे साहेब म्हणाले, ‘घाबरू नका, ही आमची सुरक्षा चाचणी आहे.’ मग भिंतीकडे तोंड करून फोनवर फोन! आणि पलीकडचा जो तो ह्यांना श्वास घ्यायला सांगतोय! तेवढ्यात ह्यांच्या फोनची बॅटरी संपली. मी म्हटलं, पुरे तुमची चाचणी. भिंतीवर पाटी आहे, ‘अडकलात? या नंबरवर फोन करा.’ मी केला. तर ह्यांचा खिसा वाजला!”

“मग?” चिमणीने विचारलं.

“मग काय! ह्यांनी सवयीने खिशातून दुसरा फोन काढला, कानाला लावला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, ‘नमस्कार, कुठे अडकलात?’”

जिन्यावरून उतरणारा पाना मधल्या पायरीवरच बसला. हसून हसून त्याला उतरवेना.

“अहो साहेब, मग ड्यूटीच्या फोनवरून आम्हाला लावायचा ना!” मी म्हटलं.

“नंबर कोणाला पाठ असतात?” साहेब करवादले. “मला एकच नंबर पाठ आहे, आणि तो माझ्याच हातात वाजत होता!”

“मी म्हटलं अग्निशमन दलाला बोलावते,” अध्यक्षाबाई म्हणाल्या, “तर हे हातच जोडायला लागले. घरी फोन करता आला असता मला, पण म्हटलं राहू दे. सगळी फौज आली असती. इतकं निवांत मला कोणी बसूच दिलं नव्हतं कितीतरी दिवसांत!”

साहेब उठले. कोट झटकला. आमच्याकडे एकेक करून बघितलं आणि घसा साफ केला. झालं! चिमणीने लेकीला घट्ट धरलं. मी मनातल्या मनात तिच्यासाठी निरोपाचं भाषणही रचायला घेतलं.

पोरगी मात्र साहेबांना न्याहाळत होती. “तुम्ही पण रोज अडकता?” तिने विचारलं.

त्या रिकाम्या डब्याकडे साहेबांची नजर गेली. तो इतकी वर्षं घरी भरलेलाच परत जायचा, हे मला ठाऊक आहे.

“रोज गं,” ते म्हणाले. “पण मला कोणी काढायला येत नाही.”

“आज आले की!” पोरगी म्हणाली.

अध्यक्षाबाई चपला घालत म्हणाल्या, “तुमची माणसं सहाला घरी जातात आणि हाक मारली की लेंग्यावर धावत येतात. मला अशीच माणसं हवीत. फक्त साहेब, आधी ही लिफ्ट दुरुस्त करा. मी आता जिन्याने जाते.”

साहेब चिमणीकडे वळले. “तू सहाला सुटायचंस. मी जरी थांब म्हटलं, तरी थांबायचं नाहीस. कळलं?” लेकीनेच चिमणीच्या वतीने मान हलवली.

अशी मी ऑफिसात माणुसकी आणली! साहेब तर इतके पेटलेत की आता त्यांनी या कामासाठी रीतसर समितीच नेमलीय आणि मला तिचं प्रमुख केलंय. पहिल्या बैठकीची नोटीसही फळ्यावर लागली. विषय : कर्मचाऱ्यांनी वेळेवर घरी कसे जावे. वेळ : सायंकाळी साडेसहा, विषय संपेपर्यंत. उपस्थिती : चिमणी सोडून सर्वांना सक्तीची.

मी विचारलंसुद्धा, “साहेब, दिवसा नाही का घेता येणार?”

“दिवसा?” साहेब म्हणाले. “अहो बाई, दिवसा कामं असतात!”

नोटीस मीच टाइप केली. शुद्धलेखनाची एकही चूक नाही हो तिच्यात!