परत पाठवणारी विद्यापीठं

आमच्या गोडादऱ्यातले भिकनआप्पा, जिथे चटकन आत घेतात तिथे पाऊल ठेवत नाहीत. रिकाम्या दवाखान्यात औषध घेत नाहीत, रिकाम्या सलूनात दाढी करत नाहीत. सासऱ्यांनी आधी बरीच स्थळं नाकारली होती, म्हणून आपण होकार दिला, असंही ते ऐटीत सांगतात. त्यावर त्यांच्या पत्नी मंगलाकाकू आतून ओरडतात, “यास्ले कोनी नाकारं नही, कारन कोनी इचारंच नही!”

आप्पा मूळचे धुळ्याकडचे, आम्हा सगळ्यांसारखेच पोटासाठी महाराष्ट्राबाहेर आलेले. कापड मार्केटात ताके तपासतात. जो व्यापारी जास्त ताके परत पाठवतो, त्याच्या दुकानातला माल चोख, हा त्यांचा अनुभव. इथवर ठीक होतं. पण हाच नियम त्यांनी विद्यापीठांनाही लावला.

गल्लीतली पोरं बारावीनंतर परराज्यातल्या सरकारी विद्यापीठांचे अर्ज भरतात. खासगीची फी कुणाला झेपणार? त्याआधी आप्पांकडे हजेरी लावावीच लागते. त्यांचा प्रश्न एकच, “कितलास्ले परत धाडतस?” काय शिकवतात, वसतिगृह आहे का, हे त्यांच्या लेखी किरकोळ. एकाला पहिल्याच यादीत जागा मिळाली. बिचारा पेढे घेऊन आला. आप्पांनी पेढा खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाले, “लगेच लिधं? मंग तठे काही दम नही.”

यंदा अर्ज भरायची वेळ त्यांच्या एकुलत्या एक मुलीवर, हर्षावर आली. तिला दोन ठिकाणी जागा मिळाली. एक पार दक्षिणेत, शंभरातून मोजक्यांना घेणारं. दुसरं महाराष्ट्रात, तिच्या मावशीच्या गावी, बहुतेकांना घेणारं. हर्षाला सागरशास्त्र शिकायचं होतं आणि ते दक्षिणेतच होतं. आता आप्पा काय करतात, याची मला भारी उत्सुकता.

आप्पा चक्क फिरले! दक्षिणेबद्दल म्हणाले, “इतलास्ले परत धाडतस, म्हंजे मानसं कठोरच ऱ्हातीन.” आणि मावशीच्या गावच्या विद्यापीठाबद्दल, “समद्यास्ले लेतस. मन मोठं शे.” मला हसू आवरेना. हर्षा मात्र हसत नव्हती.

मुदतीच्या दिवशी मी त्यांच्याकडेच बसलो होतो. हर्षाने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. “पप्पा, आज शेवटना दिन शे. कोनती जागा पक्की करू?”

आप्पा हळूच म्हणाले, “तुले काय शिकनं शे?” हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

“समुद्र.”

“मंग दूरनी कर.”

हर्षा दक्षिणेत गेली. त्यानंतर एका संध्याकाळी आप्पा माझ्याकडे आले. चहा पुढे केला, तर कप तसाच बाजूला ठेवला. मला वाईट वाटलं. हर्षाची खुशाली विचारली.

“बरी शे,” ते म्हणाले. “लोकेस्ना इतला पोरे मी बाहेर धाडात. मांगे घर इतलं सुनं पडस, हाई एकनी बी सांगं नही.”