उडत्या सायकलीचं साडीगार्ड

आमच्या गल्लीत कुणी नवी गाडी घेतली की हौसेने आदगोंडा अण्णांना दाखवायला नेतो आणि मग दिवसभर पस्तावतो. अण्णा पेढा तोंडात टाकतात, गाडीच्या पुढच्या भागाकडे ढुंकूनही बघत नाहीत. थेट मागे जातात, सीटवर थापटी मारतात आणि विचारतात, "समदं झ्याक हाय. पर मागं बसणाऱ्याचं काय?"

शेजारच्यांच्या जावयाने रेसची मोटरसायकल आणली होती. मागची सीट उंच आणि टपालाच्या तिकिटाएवढी. अण्णा म्हणाले, "ह्याच्यावर माणूस बसवतोस का मांजर?" जावयाची बायको शेजारीच उभी होती. ती गाडी नंतर गल्लीत दिसली नाही.

अण्णांनी उभं आयुष्य कुपवाडला लेथ मशीनवर काढलं. आता त्यांची वर्कशॉपची शेड मुलगा सांभाळतो, पण तिथला एक कोपरा अजून अण्णांचा. मी त्यांच्या समोरच राहतो. पेठेत माझं साड्यांचं दुकान आहे. नको तिथे नाक खुपसायचा गुण मला जन्मतःच आहे, त्यामुळे परदेशात कुणी उडती सायकल काढल्याचा व्हिडिओ फोनवर आला तेव्हा मी तो धावत जाऊन अण्णांनाच दाखवला.

"अण्णा, आता सांगली ते सातारा वरच्या वर! ना खड्डे, ना उसाच्या ट्रॉल्या!"

अण्णांनी व्हिडिओ परत परत बघितला. मी श्वास रोखून उभा. शेवटी म्हणाले, "दिल्या, ह्याला मागं कॅरेजच न्हाई की रं."

तिथून जी सुरुवात झाली ती थांबेना. सकाळी मी दात घासत असलो तरी कुंपणावरून शंका यायची. "पंख्यात चिलटं, पाखरं गावली तर? ते पाप कुणाला?" अण्णा जैन, मुंगीलाही वळसा घालून जाणारे. मग दुसरी शंका. "साताऱ्यास्नं निघायला उशीर झाला आन वारं उलटं लागलं, तर दिवस बुडायच्या आत जेवायला पोचणार कसं?" मग तिसरी. "मागं बसणाऱ्याची चप्पल सुटून खालच्याच्या डोस्क्यात पडली म्हंजे?"

मी ठोकून दिलं, "अण्णा, तिकडं उडताना चप्पल घालत नाहीत. बूट घालतात."

"लग्नाला जाताना?"

मी चूळ भरायला आत पळालो.

पण अण्णा गप्प बसणारे नव्हते. त्यांनी स्वतःच उडती सायकल बांधायला घेतली, आणि तीही मागून. जुन्या सायकलीवर रुंद कॅरेज आलं, त्यावर कापसाची गादी आली. पाठ टेकायला कठडा, धरायला दांडी, दोन्ही पाय ठेवायला फळी, कमरेला पट्टा. पदर पंख्यात जाऊ नये म्हणून सुबक जाळीचं साडीगार्डही आलं. पंख्याचा मात्र पत्ता नव्हता. विचारलं तर म्हणायचे, "उडायचं काय, कोणबी उडवंल. आधी मागचं पक्कं हुंदे."

हा नाद कशापायी, हे सगळी गल्ली जाणून होती. फार पूर्वी मिरजेच्या एका लग्नाहून परत येताना अण्णांच्या पत्नी पद्माकाकू त्यांच्या स्कूटरवर मागे, एका बाजूला बसल्या होत्या. अण्णा जिलेबी कशी बिघडली यावर बोलत होते. स्पीड ब्रेकरला काकू खाली पडल्या. अण्णांना कळलंच नाही. ते घरापर्यंत जिलेबीवर बोलत आले आणि दारात गाडी थांबवून म्हणाले, "उतर." हा किस्सा मी दुकानात साभिनय सांगतो. गिऱ्हाईक हसता हसता दोन साड्या जास्त घेतं. तेव्हापासून काकूंनी मागे बसणं सोडलं. कुठे जायचं तर काकू रिक्षात आणि अण्णा मागून स्कूटरवर, अशी वरात निघते.

गेल्या महिन्यात अण्णांनी मला शेडवर बोलावलं. सायकल चेन पुलीने वर टांगलेली. "दिल्या, बाई एका बाजूला बसली की हवेत तोल जातोय का बघायचा हाय. तू साडी नेसतोस नव्हं?"

आता दुकानात गिऱ्हाइकाला पदर दाखवायला मी साडी अंगावर घेतो, हे खरं. पण आमचं वजन बायकांच्या मापातलं नाही, हे अण्णांनी बघायला हवं होतं. मी साडी नेसून, लाजत, एका बाजूला बसलो. सायकलने कोलांटी घेतली. पट्ट्याने मला सोडलं नाही आणि साडीगार्डने साडीला इजा होऊ दिली नाही. मी उलटा लोंबकळत होतो आणि सगळे कामगार मोबाईल काढून उभे होते.

नेमक्या त्याच वेळी, अण्णांचं जेवण चुकू नये म्हणून, काकू डबा घेऊन रिक्षातून उतरल्या.

मला खाली काढलं गेलं. काकूंनी गादी दाबून पाहिली, जाळी ओढून पाहिली. "आवं, कुणासाठी ह्यो खटाटोप?"

अण्णा कानशील खाजवत म्हणाले, "तुला भ्या वाटतंय म्हणून."

"मला?" काकू माझ्याकडे वळल्या. "दिलीप, तूच ऐक बाबा. माझं खरचटलेलं तवाच भरलं. मी पिशवी घिऊन दारात हुबी ऱ्हायची, आन हे आपले रिक्षा बोलवून मोकळे. मला वाटलं, आता माझं वझं नको झालंय."

अण्णांचं तोंड उघडं राहिलं. माझंही. कामगार एकेक करून आपापल्या मशीनकडे गेले.

काकूंनी पदर खोचला. अण्णांनी साखळी सैल करून सायकल जमिनीपासून वीतभर उंचीवर आणली, दुसऱ्या बाजूला लोखंडाचा ठोकळा बांधून तोल साधला. काकू बसल्या, फळीवर पाय ठेवले, दांडी धरली.

"बसा आता पुढं," त्या म्हणाल्या.

"नको."

"का वो?"

"पुढं बसलं की तू दिसत न्हाईस."

अण्णांनी पट्टा दोनदा ओढून बघितला. मग कठड्याला हात लावून टांगलेली सायकल हळूच ढकलली. काकू थोड्या पुढे गेल्या, थोड्या मागे आल्या.

"भ्या वाटतंय?"

"वाईच जोरात," काकू म्हणाल्या.