मागचं डावं चाक

म्हात्रेकाका कुठलीही वस्तू समोरून बघत नाहीत. आधी तिच्याभोवती एक फेरी मारतात. मग तो नवा फ्रिज असो, शेजाऱ्याने परत आणलेला कुकर असो, नाहीतर देवळातला गणपती असो. आमच्या आळीतल्या देवळाचे गुरुजी बरीच वर्षं त्यांना मोठे भाविक समजत होते. एका चतुर्थीला प्रदक्षिणा संपवून काका गुरुजींपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "मखराच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला टवका आहे. आधी होता की आता झाला?" तेव्हापासून गुरुजी त्यांना तीर्थ देताना पळीसुद्धा जपून धरतात.

"आधी होतं की आता झालं?" हा काकांचा गायत्री मंत्र. न्हावा शेव्याच्या बंदरालगत एका कंटेनर यार्डात ते तीस वर्षं सर्वेअर होते. गेटवर उभं राहायचं, कंटेनर आत आला की त्याला फेरी मारायची, कुठे पोचा, कुठे भोक, कुठे गंज ते कागदावर उतरवायचं, तिथे खडूने गोल करायचा आणि ड्रायव्हरची सही घ्यायची. कंटेनर बाहेर निघाला की पुन्हा तेच. पुढेमागे भांडण झालं तर पोचा कुणाच्या ताब्यात असताना पडला ते कळावं, एवढाच हेतू. काम चांगलंच आहे. पंचाईत अशी झाली की काका रिटायर झाले आणि यार्ड घरी घेऊन आले.

यात थोडं पाप माझंही आहे. पनवेलला एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि छपाईचं दुकान आहे आणि काका आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावर राहतात. रिटायर झाल्याच्या आठवड्यातच ते दुकानात आले. म्हणाले, "तीन प्रतींचं पॅड छापा. पांढरी देणाऱ्याला, गुलाबी घेणाऱ्याला, पिवळी आपल्या फाइलला." रकाने त्यांनीच आखून आणले होते: वस्तू, आली तेव्हा, गेली तेव्हा, कारण, दोष कुणाचा, सही, साक्षीदार. मला वाटलं, काकांनी काहीतरी धंदा सुरू केला. मी हौसेने छापून दिलं.

पॅडचं पहिलं पान माझ्यावरच फाडलं गेलं. ट्यूबलाइट बदलायला मी त्यांची शिडी मागितली होती. "शिडी, अॅल्युमिनियमची, पायऱ्या सात, तिसरी किंचित वाकडी, आधीपासून," असं लिहून त्यांनी माझी सही घेतली. परत करायला गेलो तर जिन्यातच शिडी आडवी ठेवून फेरी मारली. माझ्या बायकोने त्याच दिवशी ठरवलं की त्या घरातून विरजणसुद्धा आणायचं नाही. गॅसवाला सिलिंडर दारात टेकवून सहीच्या भीतीने पळायचा. कुणीतरी सुचवलं, "काका, आता मोबाइलमध्ये कॅमेरा आलाय, फोटो काढत जा." काकांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "फोटोवर बोट फिरवून पोचा कळतो का?"

त्यांना न घाबरणारी एकच व्यक्ती अख्ख्या पनवेलात होती, ती म्हणजे म्हात्रेकाकी. काकी उरणकडच्या, खाडीकाठच्या गावातल्या. आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर रस्त्यावरचा रिक्षावाला थांबायचा. त्या म्हणायच्या, "लग्नात यांनी माझ्याभोवती पण फेरी मारली असती. भटजीनं हात धरून बसवला म्हणून वाचले." मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच, आणि दोघांमध्ये एक फाइल.

फंडाचे पैसे आल्यावर काकांनी लाल रंगाची छोटी गाडी घेतली. काका साध्या लोखंडी चाकांवर खूश होते, पण काकींनी हट्ट धरला. अलॉय व्हील पाहिजेत म्हणजे पाहिजेतच. "नव्या नवरीला बिनजोडव्यांची कोन घरात घेतो?" शोरूममधला पोरगेलासा सेल्समन हसला आणि काका हरले. चार चंदेरी अलॉय लागली. त्यानंतर काकींनी दुसरा बॉम्ब टाकला: गाडी त्या स्वतः शिकणार. वय चोपन्न. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने तीन आठवड्यांत हात जोडले, पण लायसन्स मिळालं.

पहिल्याच दिवशी काकी रोडपालीला गेल्या. तिथले सेक्टरचे रस्ते रुंद, दुपारी चिटपाखरू नसायचं. शेजारच्या सीटवर काका, दारावरचं हँडल दोन्ही हातांनी धरून. एका वळणावर फुटपाथच्या कडेला चाक घासलं. मागचं डावं. रिमच्या काठाला बोटभर ओरखडा आला आणि फुटपाथच्या दगडाचाही टवका उडाला. काकांनी तिथेच गाडी थांबवायला लावली, खाली उतरले, फेरी मारली, खडूने गोल केला आणि पॅड काढलं.

काकींनी पॅड ओढून घेतलं आणि 'कारण' या रकान्यात स्वतःच लिहिलं: "फुटपाथ मधी आला." खाली झोकात सही ठोकली. पुढचा रकाना होता, दोष कुणाचा. तो कोरा ठेवून त्यांनी पॅड परत दिलं.

"दोष लिही," काका म्हणाले.

"तुमी लिवा."

"मी लिहिलं तर 'चालकाचा' असं लिहीन."

"मग मी नाय सही करनार."

"सही केलीस की!"

"मग खोडते."

ही हकीकत मला दोघांनीही, वेगवेगळ्या वेळी, तंतोतंत अशीच सांगितली आहे. नवराबायकोचं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट असावी. ती पिवळी प्रत काकांनी गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात ठेवली आणि खटला सुरू झाला. "तू चूक कबूल कर, दुसऱ्या दिवशी व्हील नवंकोरं करून आणतो," असं काका म्हणायचे. "फुटपाथला विचारा," असं काकी म्हणायच्या. दर रविवारी काका गाडी धुवायचे आणि त्या ओरखड्याभोवती पुन्हा खडूने गोल काढायचे, कारण केस चालू होती. काकी गॅलरीतून ओरडायच्या, "जरा चांगला गोल काढा, अंड्यासारखा दिसतो!" आणि सोमवारी त्याच गाडीतून काकांना शेजारी बसवून मच्छी आणायला जायच्या. अशी पाच वर्षं गेली.

मग एके वर्षी चैत्रात काकी गेल्या. ताप आला, चौथ्या दिवशी गेल्या. इमारत एकदम मुकी झाली. गॅसवालासुद्धा जिन्यात दोन मिनिटं उभा राहिला.

पाचव्या दिवशी मी वर गेलो. शेजारपाजारचे लोक रीतीप्रमाणे डब्यांतून जेवण आणून देत होते. काका पाटावर बसून त्या रिकाम्या डब्यांच्या नोंदी करत होते. "स्टीलचा डबा, चार पुडांचा, कडी सैल, आधीपासून." मला संताप आला. खाली येऊन बायकोला म्हणालो, "दगड आहे हा माणूस. बायको गेली त्याचीही पावती फाडेल." हे मी बोललो. मी ते विसरलेलो नाही म्हणून इथे लिहितो आहे.

पुढच्या वर्षी गाडीचे टायर गुळगुळीत झाले. काका दुकानात आले आणि मला म्हणाले, "चला. साक्षीदार पाहिजे." कळंबोलीच्या रस्त्यावर सलीमभाईचं टायरचं दुकान आहे. सलीमभाई पनवेलचेच, अनेक वर्षं आखातात काढून परतलेले, दाढी पांढरी, स्वभाव लोण्यासारखा. त्यांनी चहा मागवला. काकांनी फेरी सुरू केली. पुढचं डावं, ओके. पुढचं उजवं, ओके. मागचं उजवं, ओके. मागच्या डाव्याशी ते थांबले आणि लिहिलं: "जुना ओरखडा, बोटभर, वादग्रस्त."

सलीमभाईंनी हसत सही केली. "काका, तुमी आमच्याकडे टायर बदलायला आलात का निकाह लावायला?"

काम सुरू झालं. टायर काढायच्या मशीनवर रिम बसवतात, एक लोखंडी चोच टायरच्या कडेत घुसते आणि मशीन गरगर फिरतं. दोन चाकं नीट झाली. तिसरं, पुढचं उजवं, फिरत असताना चोच सरकली आणि असा आवाज आला की माझा चहा सांडला. कारागिराने मशीन बंद केलं. चंदेरी काठावर वीतभर चरा पडला होता.

अशा वेळी कुठलाही टायरवाला जे म्हणतो ते कारागीर म्हणाला. "ये तो पहले से था."

काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. या एका वाक्यासाठी ते रिटायर झाल्यापासून जगत होते. त्यांनी सावकाश खिशातून पांढरी प्रत काढली, चष्मा लावला आणि वाचून दाखवलं, "पुढचं उजवं. ओके. सही, सलीम."

सलीमभाईंनी कारागिराच्या पाठीत एक धपाटा घातला. "पहले से था म्हणे! काका, कबूल. अल्लाची शपथ, आमचीच चूक. चाकं ठेवून जा, माझा माणूस झकास दुरुस्त करतो. तवर गाडीला दुसरी लोखंडी लावून देतो."

"आलं तसं परत पाहिजे," काका म्हणाले. "जास्त नको, कमी नको."

"अगदी तसंच!"

तीन दिवसांनी आम्ही दोघं पुन्हा गेलो. सलीमभाईंनी लोखंडी चाकं काढून चारही अलॉय पुन्हा गाडीला लावली, ती उन्हात अशी चमकत होती की बघवेना. काकांनी फेरी सुरू केली. पुढचं डावं, ओके. पुढचं उजवं. इथे ते वाकले, बोट फिरवलं, चऱ्याचा मागमूस नव्हता. "उत्तम," ते म्हणाले. सलीमभाई फुलले. मागचं उजवं, ओके. मागचं डावं.

काका खाली बसले. त्यांनी रिमच्या काठावरून अंगठा फिरवला. मग उलट बाजूने फिरवला. गाडी जराशी पुढे घ्यायला लावली, चाक फिरवून घेतलं, पुन्हा अंगठा फिरवला.

"इथला ओरखडा?"

"काढून टाकला!" सलीमभाई म्हणाले. "एक चाक नवीन आन तीन मळकी, बरं दिसतं का? मी म्हटलं, काकांचं आमी नुकसान केलं, तर चारही घासून, रंगवून देऊ. बघा, नामोनिशान नाय ठेवलं."

काका उठले नाहीत. मी बघितलं तर त्यांचा अंगठा अजून त्या काठावरच होता. सलीमभाई घाबरून माझ्याकडे पाहायला लागले. मला तेव्हा समजलं आणि समजल्यावर स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. दर रविवारी, काकी गेल्यावरसुद्धा, आमच्या डोळ्यांसमोर हा माणूस कशाभोवती गोल काढत होता, ते इमारतीत एकालाही दिसलं नव्हतं.

"केस चालू होती हो, सलीमभाई," काका हळूच म्हणाले. "तुम्ही पुरावाच पुसलात."

मी सलीमभाईंना बाजूला घेऊन दोन वाक्यांत सांगितलं. ते मटकन स्टुलावर बसले. "या खुदा," एवढंच म्हणाले. मग उठून काकांजवळ आले, त्यांच्या शेजारी जमिनीवर उकिडवे बसले आणि त्यांनीही त्या चकचकीत काठावरून एकदा अंगठा फिरवला. निघताना काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पॅड मात्र काढलं नाही. पावती न फाडता काका कुठूनतरी निघाले, असं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

गाडी मी चालवत होतो. काका शेजारी, हँडल दोन्ही हातांनी धरून. घरचा रस्ता आला तेव्हा म्हणाले, "रोडपालीवरून घ्या."

एका वळणावर त्यांनी थांबायला सांगितलं. फुटपाथच्या कडेचे दगड काळ्या-पिवळ्या पट्ट्यांनी रंगवलेले होते. काका उतरून एकेक दगडावर बोट फिरवत चालले. सहाव्या की सातव्या दगडाशी थांबले. टवका होता. मधल्या वर्षांत त्याच्यावर दोनदा तरी रंग बसला असेल, पण टवका तसाच होता.

"आहे," काका म्हणाले. "आहे अजून."

मला तर एखादी विनोदी गोष्ट बोलून वेळ मारून नेण्याची सवय. पण तोंडातून त्यांचाच मंत्र निघाला. "काका, आधी होता की आता झाला?"

"आधी होता," ते म्हणाले. "मी होतो ना बरोबर."

त्यांनी खिशातून खडू काढून टवक्याभोवती गोल काढला. अंड्यासारखाच झाला. तो पुसून त्यांनी पुन्हा नीट काढला. मग डॅशबोर्डच्या खणातून ती पिवळी प्रत आणली, गाडीच्या बॉनेटवर पसरली आणि काकींच्या सहीच्या वर, इतकी वर्षं कोऱ्या राहिलेल्या रकान्यात, दोष कुणाचा या शब्दांपुढे, लहान मुलासारख्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं: फुटपाथचा.

"साक्षीदार," ते म्हणाले आणि पेन माझ्यापुढे धरलं.

मी सही केली.