तात्यांचा ठोकळा

आमच्या शेजारच्या मारुतीतात्यांनी कलिंगड कापायलासुद्धा फर्मा केला होता. खोटं नाही सांगत. लाकडाची एक पन्हळ, तिच्या दोन्ही अंगांना समोरासमोर खाचा. कलिंगड पन्हळीत ठेवायचं, सुरी खाचेत घालायची आणि दाबायची. फोडी अशा पडायच्या की खायच्या आधी जरा बघतच राहावं. फक्त कलिंगड त्या पन्हळीच्या मापाचं मिळायला हवं. त्यापायी तात्या पन्हळ काखेत मारून रहिमतपूरच्या बाजारात जायचे आणि एकेक कलिंगड तिच्यात बसवून बघायचे. कलिंगडवाल्यानं शेवटी हात जोडले. म्हणाला, "तात्या, फळ हाय ह्ये, चौकट न्हाई."

फर्मा म्हणजे काय ते सांगते. मी काही सुतारकाम शिकलेली नाही, पण भिंतीला भिंत लावून संसार केला, तेवढ्यावर कळतं. करवत नुसती हातानं चालवली की ती आपल्या मनानं पळते. ती पळू नये म्हणून तिला लाकडाचीच वाट करून द्यायची, तो फर्मा. एकदा नीट जमला की मग कापणाऱ्याचं मन थाऱ्यावर असो नाहीतर नसो, काप सरळच पडतो.

तात्या फौजेत सुतार होते. पेन्शनीत आल्यावर घरामागं पत्र्याचं शेड घातलं, करवतीचं मशीन बसवलं आणि गावाची दारं-खिडक्या करायला लागले. शेडच्या भिंतीवर खिळ्या-खिळ्याला फर्मे टांगलेले. कशावर नाव नाही, आकडा नाही. तात्या त्यांना तोंडवळ्यावरून ओळखायचे. ह्यो शिंद्याच्या खिडकीचा. ह्यो देव्हाऱ्याच्या कमानीचा. आणि ह्यो भानूच्या टकुऱ्याचा. भानू आमच्या आळीतला सगळ्यात उंच माणूस, दर दारात कपाळ आपटून घेणारा. त्याच्या नव्या घराची चौकट करताना तात्यांनी त्याला भिंतीला उभा करून डोक्यावर काठी आडवी धरली होती. ती काठी त्यांनी अजून जपून ठेवलीय. भानू म्हणतो, मी मेल्यावर फोटोच्या जागी तीच लावा.

मोजायच्या टेपचं मात्र तात्यांना वावडं. कुणी खिशात टेप घेऊन आलं तर म्हणायचे, "त्यो भाईर. चपलांजवळ." का म्हणून विचारलं तर सांगायचे की डोळा एक आकडा बघतो, तोंड दुसरा बोलतं, कान तिसरा ऐकतो, आणि करवत कुणाचंच ऐकत नाही. "फर्म्याला तोंड न्हाई आक्का, म्हणून त्यो खोटं बोलत न्हाई." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की चहाबरोबर खारी द्यावी तसं ते मला मिळायचं.

त्यांची बायको रत्ना माझी जिवाची मैत्रीण. बुटकी, गोल, बोलायला माझ्याहून चढ. दोघींच्या बडबडीला वैतागून तात्या मशीन सुरू करायचे आणि आम्ही त्याच्यावरचा आवाज लावायचो. मग तिचे गुडघे गेले. खाली बसता येईना. बाजारातून खुर्ची आणली तर तिचे पाय अधांतरी लोंबायचे, आणि लोंबले की दुखायचे. तात्यांनी तिला शेडमध्ये नेलं. एकावर एक फळ्या रचून तिच्यावर बसवलं. एक काढ, दुसरी घाल, पातळ घाल, असं सकाळभर चाललं. ती म्हणत होती, मला काय बाशिंग बांधून पाटावर बसवताय का. शेवटी तिच्या टाचा सपाट भुईला टेकल्या आणि ती म्हणाली, "आता बरं वाटतंय." त्या मापाचं तात्यांनी स्टूल केलं. पुढं चार वर्षं तिनं चपात्या, निवडणं, माझ्याशी भांडणं, सगळं त्याच्यावर बसून केलं.

ती गेली तेव्हा बाराव्याला भावकीतल्या बायकांनी रिवाजाप्रमाणं तिचं अंथरूण-पांघरूण, लुगडी देऊन टाकली. त्यात ते स्टूलही गेलं. तात्यांनी संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन सगळे कोपरे बघितले, आणि परत ओट्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी शेडमधून मशीनचा आवाज आला. मला वाटलं, बरं झालं, माणूस कामाला लागला.

त्यानंतर तात्या नुसती स्टुलं करायला लागले. गुडघे धरलेली म्हातारी दिसली की दिलं तिला स्टूल. मलाही दिलं. मी ताडमाड बाई, त्याच्यावर बसले की गुडघे हनुवटीशी यायचे. मी म्हटलं, तात्या, बोटभर वाढवून द्या की. तर हा माणूस, जो केसाएवढा फरक पडला तर अख्खी चौकट परत घेऊन जायचा, तो म्हणाला, "न्हाई. साईज हीच." एकीला उंच, एकीला ठेंगणं, कुणाला काय व्हायचं ते होऊ दे, सगळ्यांना तेवढंच. आळीतल्या बायका म्हणायला लागल्या, बायको गेली तसं तात्यांचं डोकं फिरलं.

मी आपली काठीला लावतात तसली जाड रबराची बुचं आणली आणि स्टुलाच्या चारी पायांना घातली. तात्यांनी ती बघितली आणि महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं.

दिवाळीला त्यांचा सुहास सांगलीहून आला. गुणी पोरगा, तिकडं कारखान्यात आहे. बायकांनी त्याच्याकडं स्टुलांचं गाऱ्हाणं नेलं. त्याला वाटलं, जाण्याआधी बाबांचं एक काम हलकं करून जावं. त्यानं शेड झाडलं, मशीन पुसून तेल घातलं. मशीनच्या पट्टीवर एक शिसवी ठोकळा बोल्टानं आवळलेला होता. लाकूड सरकवत न्यायचं, ठोकळ्याला टेकलं की थांबायचं आणि कापायचं. सगळे तुकडे एकाच लांबीचे. सुहासनं बोल्ट ढिला केला, टेप लावला, ठोकळा बाजारातल्या स्टुलाच्या मापाला सरकवला आणि घट्ट आवळला. जाताना मला सांगून गेला, "काकू, आता तक्रार येणार नाही."

दोन दिवसांनी तात्या आळीत दारोदार फिरताना दिसले. ज्यांना स्टुलं दिली होती त्यांची स्टुलं उलटी करून बघत होते. एकीचं अंगणात ओढून ओढून पाय झिजलेले. एकीनं त्याच्यावर पाण्याचं पिंप ठेवलेलं, लाकूड फुगून फाटलेलं. एकीच्या नातवानं तर पायच बदलून घेतलेले. शेवटी माझ्या दारात आले. तोंड अगदी राख झालेलं.

"आक्का, तुमचं स्टूल हाय का?"

मी आणून दिलं. त्यांनी खाली बसून एकेक बूच ओढून काढलं. पायांच्या टोकांवर अंगठा फिरवला. कापल्या दिवशी होती तशीच कोरी टोकं, कड शाबूत.

"झिजलं न्हाई," ते म्हणाले. मग बुचं खिशात टाकत, "बरं क्येलं तुमी, बुचं लावली ती."

मला काहीच कळेना. म्हणून मी त्यांच्यामागं शेडमध्ये गेले. बाहेर मळभ आलेलं, आत लाईट नव्हती, थ्री फेज यायला अजून वेळ होता. तात्यांनी स्टुलाची फळी सोडवली, एक पाय मोकळा केला. पायाचं एक टोक पात्याला टेकवलं, आणि दुसऱ्या टोकाकडं तो ठोकळा हळूहळू सरकवत आणला. टेकला. तरी आवळेनात. परत मागं घेतला, परत टेकवला. फर्म्याबिगर ज्यानं रेघ ओढली नाही त्याच्या हाताला त्या वेळी कसला आधार नव्हता. मी पाय धरून ठेवला, तेव्हा कुठं त्यांनी बोल्ट आवळला.

"सुहासला काही बोलला नाहीत का?" मी विचारलं.

"त्याला काय सांगायचं. त्यो इचारंल, आकडा का लिहून ठेवला न्हाई. आकडा मला ठावंच न्हाई आक्का. फळ्या रचल्या, ती बरं वाटतंय म्हनली, तिथं ठोकळा लावला. फळ्या कवाच कामाला लागल्या. तिचं स्टूल गेलं. म्हनलं जाऊ दे, ठोकळा हाय की."

शेडमध्ये उजेड कमी होत गेला. तात्यांनी स्टूल परत जोडलं, माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "बसा." मी बसले. गुडघे हनुवटीशी आले. तात्या समोर भुईवर टेकले आणि माझ्या टाचांकडं बघत राहिले. मी पाय उचलला नाही. गुडघा ठणकत होता तरी उचलला नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी खिशातून ती चार बुचं काढली. मी उठले. त्यांनी स्टूल मांडीवर आडवं घेतलं आणि एकेक बूच परत पायात बसवून वरून मुठीनं ठोकलं.

"न्या," म्हणाले. "पर काढू नका आता."

लाईट आली. भिंतीवरचे फर्मे, भानूची काठी, सगळं एकदम दिसायला लागलं. तात्या मशीनजवळ गेले, पण ते सुरू केलं नाही. नुसता ठोकळ्यावर हात ठेवून उभे राहिले. मी स्टूल काखेत घेतलं आणि पाय न वाजवता घरी आले.